टाकीत काही ठेवून जायचं नाही

मी पहिल्यांदा त्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं तेव्हा ते मोटारसायकलच्या एका टाकीला विचारत होते, "काय रे, जेवला का?"

टाकी गाडीवर नव्हती. छताच्या आडव्या अँगलला दोरीनं उलटी टांगलेली होती, आणि तिच्यासारख्या आणखी तीस-पस्तीस टाक्या ओळीनं लटकत होत्या. प्रत्येकीच्या तोंडावर जुन्या धोतराचा तुकडा सैलसर बांधलेला, पोटावर खडूनं एकेक नाव. खाली तेवढ्याच मोटारसायकली उभ्या, टाकीविना, बोडक्या. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, आत मात्र डोळे सरावेपर्यंत काही नीट दिसेना. ते बोटाच्या पेरानं टाकीवर दोनदा वाजवत, कान जवळ नेत, आतून 'ठण्ण' असा आवाज आला की मान हलवत. "जेवला," ते स्वतःशीच म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले.

मी खोली भाड्यानं मागायला आलो होतो. आल्या पावली परतलोही असतो, पण त्या गावात रिकामी खोली तेवढी एकच होती.

मानोरा तालुक्यातल्या त्या गावच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झालो होतो. पुढची चार वर्षं शेडला लागून असलेल्या त्या खोलीत काढली. सगळा गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. बस डेपोत मेकॅनिक म्हणून त्यांची नोकरी झालेली. बायको वारलेली, एकुलती मुलगी वाशीमजवळच्या मालेगावला दिलेली. डेपोचा खाकी शर्ट ते निवृत्तीनंतरही गळ्यापर्यंत बटणं लावून घालत. जुन्या मोपेडवरून गावात फिरत, पण कुणाशी फारसं बोलत नसत. सगळं बोलणं टाक्यांसाठी राखून ठेवलेलं असे.

त्यांचा उद्योग असा होता. दिवाळी झाली की आसपासचे तांडे रिकामे होतात. नवरा-बायकोच्या जोड्या कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, त्या पार उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. ट्रकमध्ये भांडीकुंडी जातात, शेळ्या जातात, मोटारसायकल जात नाही. घरी ठेवली तर उंदीर वायरी खातात आणि भाऊबंद गाडी खातात. म्हणून लोक गाड्या मामांच्या शेडमध्ये आणून लावत. मामा कुणाकडून काही घेत नसत. परत येताना लोक गुळाची ढेप आणत, तीही ते शेजारच्या गाईला घालत. स्वतः गूळ-साखर खात नसत. चहा बिनसाखरेचा पीत, आणि पाहुण्यालाही तसाच देत. पहिले काही दिवस मला वाटलं, माणूस कंजूष आहे.

अट एकच होती. मालकानं स्वतः येऊन, स्वतःच्या हातानं टाकी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करायची. निघालेलं पेट्रोल दुसऱ्या कुणाच्या चालत्या गाडीत त्याच दिवशी घालून जाळून टाकायचं. "टाकीत काही ठेवून जाचं नाई," ते म्हणत. "जळालं का सुटलं."

एकदा मी विचारलंच, की मामा, हे कशासाठी? त्यांनी उत्तरादाखल खिडकीतली काचेची बाटली उचलली. आत पेट्रोल होतं, त्यात थोडं पाणी घातलेलं. बाटली हलवून त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरली. थोड्या वेळानं खाली एक थर बसला, आणि तो घातलेल्या पाण्यापेक्षा चांगला जाड होता.

"पाह्यलं? पेट्रोलातून निंघून पान्याकडं गेलं. आपल्या मानसाकडं जाते तसं."

"ते इथेनॉल आहे, मामा," मी म्हणालो. "हल्ली पेट्रोलमध्ये मिसळतात. उसापासून करतात. पाण्याला ओढायचा त्याचा गुणधर्मच आहे."

"मी काय येगळं सांगून राह्यलो?" ते म्हणाले. "आधी पेट्रोल मेलेलं होतं, सर. जमिनीतलं, कोन्या काळचं. कितीक दिवस ठेवा, पडून राहे बिचारं. आता त्याच्यात ऊस हाय. ऊस म्हंजे जितं. जित्याले तहान लागते. हवेतलं पानी पेते, रबर पेते, प्लास्टिक पेते." मग आवाज खाली आणून, "अन् ऊस कोनं तोडला? याच लोकाईनं. तिकडं हे तोडतात, इकडं याईच्याच टाकीत थे बसून राह्यते. मालक जवळ असला तर जळून जाते, कायी होत नाई. मालक दूर असला का त्यालेच पेते. टाकी फुगते अन् मालक वाळते."

मी हसलो. तेही हसले, पण माझ्यानंतर.

टाक्यांमध्ये त्यांना खरी धास्ती प्लास्टिकच्या टाकीची. तशा टाक्या थोड्याच असत. त्या ते ओळीच्या अगदी टोकाला, दाराजवळच्या वाऱ्याला टांगत. आधी जुन्या बिनमिसळीच्या पेट्रोलनं आतून खंगाळायच्या, तसं पेट्रोल त्यांनी कुठून कोण जाणे एका डब्यात जपून ठेवलं होतं. मग झाकण काढून सावलीत सुकवायच्या. पुढच्या आणि मागच्या बोल्टच्या भोकांमध्ये मापाची लाकडी पट्टी अडकवायची, म्हणजे टाकी लांबत नाही. "लोखंड गंजते तर दिसते तरी," ते म्हणत. "प्लास्टिक पेत राह्यते अन् तोंडावर कायी दिसू देत नाई."

आणि रोज दुपारी बाराच्या सुमाराला हजेरी. सुरेश, ठण्ण. गजानन, ठण्ण. प्लास्टिकचा आवाज वेगळा, घशातून आल्यासारखा 'ढुम्म'. सुट्टीच्या दिवशी मी खोलीत वह्या तपासत बसलेलो असे आणि भिंतीपलीकडून ती नावं आणि ती उत्तरं ऐकू येत. वारा सुटला की न वाजवताही टाक्या हलकेच घुमत. तीस-पस्तीस माणसं तोंड मिटून काहीतरी म्हणताहेत, असं वाटे. मी विज्ञानाचा शिक्षक, म्हणून मी खिडकी लावून घेत असे.

एकदा त्यांना समजावूनही सांगितलं, की रिकाम्या भांड्यातली हवा कंप पावते म्हणून नाद येतो, भरलेल्यात ती जागा नसते म्हणून येत नाही. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलासारखं लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजे रिकामं बोलते अन् भरलेलं बोलत नाई," ते म्हणाले. "बरोबर हाय तुमचं, सर." असा माणूस. त्याच्याशी वाद घालायचा तरी कसा?

आता माझ्या हातून झालं ते सांगतो.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. वाशीमला ऑपरेशन, मग महिना-दीड महिना मालेगावला मुलीकडे. तोवर जवळजवळ सगळ्या गाड्या लागून गेल्या होत्या. जाताना त्यांनी शेडची किल्ली माझ्या हातात दिली, आणि "टाकी" एवढाच शब्द उच्चारून बसमध्ये चढले.

आठवड्याभरानं भर दुपारी विलास आला. त्याची टोळी काही कारणानं उशिरा निघणार होती. पंचविशीचा पोरगा, उंच, हसरा. मागं त्याची आई बसलेली. तांड्यात आईला याडी म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच तिला याडी म्हणायचो. विलासनं नवीच गाडी घेतली होती. म्हणजे नवी त्याच्यासाठी. आधीच्या मालकाची मूळ टाकी चेपली होती, म्हणून त्यानं तिथं मोठी काळी प्लास्टिकची टाकी बसवून घेतलेली. गावोगाव निरोप घेत फिरायचं म्हणून विलासनं ती भरून घेतली होती, आणि फिरणं राहूनच गेलं होतं. ट्रक तासाभरात निघणार होता.

"सर, नळी द्या," तो म्हणाला. "रिकामी करून टाकतो. मामा म्हंते का रिकामी करूनच ठेवाची."

त्या क्षणी माझ्यातला मास्तर जागा झाला. मी त्याला दहा मिनिटं शिकवलं. टाकी रिकामी ठेवली की आत हवा, हवेत ओल, ओलीनं गंज. म्हणून गाडी बरेच दिवस उभी करायची तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल.

"पन हे तं प्लास्टिक हाय ना, सर?"

"मग तर गंजाचाही प्रश्न नाही," मी म्हणालो.

त्यानं एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "सर म्हंते म्हंजे बरोबरच असन," तो म्हणाला. मी खोलीतून माझ्या गाडीसाठी आणून ठेवलेली पेट्रोलची बाटली आणली आणि त्याची टाकी काठोकाठ भरून दिली. झाकणही मीच घट्ट लावलं. याडीनं टाकीवरून हात फिरवून कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली. रस्त्याच्या कडेला ट्रकचा हॉर्न वाजत होता, तिकडे दोघं पळत गेली; विलासची बायको आधीच ट्रकमध्ये होती, याडी नुसती निरोप द्यायला.

मामा पौषात परतले, डोळ्यांवर काळा चष्मा. चहासुद्धा न घेता हजेरीला लागले. ठण्ण, ठण्ण करत ओळ संपवली आणि दाराजवळच्या त्या गाडीपाशी आले. पेरानं वाजवलं. 'थप्' असा आवाज झाला, ओल्या भिंतीवर हात मारावा तसा.

"इलास?" ते म्हणाले.

पुन्हा वाजवलं. पुन्हा थप्.

"इलास, बोल ना बाप्पा."

मी मागं उभा होतो. त्यांनी चष्मा काढला, ऑपरेशनच्या लाल डोळ्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "कोनं भरून ठेवली?" मी सांगितलं. अजूनही मला वाटत होतं की ते शाबासकी देतील. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"लोखंडाचं ज्ञान प्लास्टिकले लावलं तुमी, सर," ते म्हणाले. यापलीकडे त्या प्रकरणात त्यांनी मला कधीही एक शब्द बोलून दाखवला नाही.

टाकी फुगली होती. सीट पुढून उचललं गेलं होतं, बाजूचे पत्रे बाहेर ढकलले गेले होते, बोल्ट असे आवळले होते की काढायला आम्हा दोघांना दुपार गेली. आतलं पेट्रोल कॅनमध्ये काढलं. खाली गढूळ पाण्याचा थर होता. शेडभर वास सुटला. मळीसारखा, गोडसर, आंबट. तो वास खरा होता की मामांच्या बोलण्यानं माझ्या नाकात बसला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. टाकी परत ठेवून पाहिली तर मागचं भोक बोल्टच्या जागेपासून बोटभर मागं गेलेलं.

"सुकू द्या," मी म्हणालो. "प्लास्टिकनं शोषलेलं पेट्रोल उडून गेलं की टाकी आक्रसेल."

"हाव," मामा म्हणाले. "कितीक दिवस?"

मी टाकी टांगायला दोरी शोधू लागलो.

दोन दिवसांनी याडी आली. दर बाजारच्या दिवशी ती शेडवरून जाताना गाडी बघून जायची. त्या दिवशी दारातच बसली. "भाऊ, माह्यं पोट्टं काहून असं करून राह्यलं?" ती मामांना म्हणाली. "फोनवर म्हंते, अंगात ताकद नाई. कोयता उचलत नाई म्हंते. सून सांगते का हातातलं कडं कोपरापर्यंत वर जाते आता. दवाखान्यात दाखवलं, कायी निंघत नाई म्हंतात."

माझ्या हातात वह्या होत्या. त्या तशाच राहिल्या. मामांनी टांगलेल्या टाकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"टाकी बसली का येईन तो," ते म्हणाले.

झालं, तेव्हापासून याडी रोज येऊ लागली. तांड्यावरून उन्हातान्हात तीन-चार किलोमीटर चालत यायची आणि दारातून एकच विचारायची, "बसली का?" मामा टाकी उतरवत, गाडीवर ठेवून बघत. "नाई, माय. अजून नाई." ती तशीच परत जायची. हे मी रोज बघत होतो. मी तिला सांगू शकलो असतो की टाकीचा आणि तुझ्या पोराचा काही संबंध नाही. पण मग टाकी कुणी भरली तेही सांगावं लागलं असतं. मी भित्रा आहे, हे मला त्या महिन्यात कळलं.

टाकी आक्रसत होती, अगदी सावकाश. बोटभराचं अर्धं बोट झालं. विलासचा फोन आला की आज चहा राहिला पोटात. मग आठ दिवस टाकी जागची हलेना. तिकडून सून सांगे, फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत पडून आहे, ना चढ ना उतार. गावाकडे घेऊन ये म्हटलं तर, बसमधून न्यावा अशी त्याची अवस्था नाही. मी मनात म्हणत होतो, योगायोग. शाळेत मुलांना उष्णतेनं होणारं प्रसरण शिकवताना माझी जीभ अडखळली, आणि पुढच्या बाकावरची पोरं एकमेकांकडे बघू लागली.

शेवटी मीच म्हणालो, "मामा, कानस घेऊ आणि भोक मोठं करू. गव्हाच्या दाण्याएवढाच तर फरक राहिलाय. टाकी आरामात बसेल."

"टाकी बसन, सर," ते म्हणाले. "इलास नाई बसाचा."

मग त्यांनी कोपऱ्यातल्या कॅनकडे बोट केलं. टाकीतून काढलेलं ते पेट्रोल तसंच होतं. "हे बसलं हाय ना अजून. याच्यात पानी गेलं, कोन्या गाडीत जळत नाई. सुटनार कसं?"

"बाहेर ओतून टाका."

"मातीले पाजू?" ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची भीती होती. "सर, थे कोनाच्या तरी नावानं तहानलेलं हाय. माती कोनाची हाय ते आपल्याले काय मालूम? उद्या कोनी अनवानी चालत जाईन."

होळीच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी शाळेतून आलो तर कॅन कोपऱ्यात नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. ओतून टाकला असेल एकदाचा, अशी मी समजूत करून घेतली आणि काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी टाकी बसली. मामांनी बोल्ट हातात धरला आणि तो पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरत आत गेला. याडी दारात होती. तिनं काही विचारायच्या आधीच मामांनी टाकीवर वाजवलं. ढुम्म. त्या म्हातारीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याच दुपारी सुनेचा फोन आला, विलास उठून बसला, भाकरी मागितली.

मी लगेच खुलासा केला. होळीचं ऊन, कोरडी हवा, बाष्पीभवनाचा वेग. मामा ऐकत होते. "हाव, सर. तसंच असन," ते म्हणाले. मग स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला आणि जरा लाजल्यासारखं करून म्हणाले, "तुमच्या खोलीत साखर असन का थोडी?"

मी डबा आणून दिला. त्यांनी स्वतःच्या कपात चार चमचे टाकले आणि दोन घोटांत तो चहा पिऊन टाकला. मग पाणी प्यायले. मग पुन्हा पाणी.

विलास पाडव्यानंतर परतला. हडकलेला, गालफडं बसलेली, पण हसत. मामांनी त्याला शेडच्या मध्ये उभा केला आणि टाकीऐवजी त्याच्या छातीवर पेरानं दोनदा वाजवलं. "वाजते," ते म्हणाले, आणि आम्ही सगळे मोठ्यानं हसलो. त्या आधी किंवा नंतर मी मामांना इतकं खूश पाहिलं नाही. विलास आईला मागं बसवून निघून गेला. त्यालाही मी काही सांगितलं नाही. तो माझ्या पाया पडला, तेव्हाही नाही.

मामा वाळत गेले ते उन्हाळ्यात. आधी मला कळलं नाही, कारण शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली असत. मग कॉलर आणि मान यांच्यात माझा हात जाईल एवढी जागा दिसायला लागली. दिवसभर पाणी पीत. मी त्यांना बळजबरीनं वाशीमला नेलं. साखरेचा आजार निघाला, पार वाढलेला. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. सगळ्याला नाव मिळालं होतं. तहान, साखरेची ओढ, वजन उतरणं, सगळं त्या एका कागदावर बसत होतं. मी त्यांना गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या. ते माझ्याकडे मायेनं बघत म्हणाले, "आता तुमी बेफिकीर राहा, सर." आजारी माणूस मला धीर देत होता आणि मला त्याचं नवल वाटलं नाही.

पावसाळ्यात मुलगी त्यांना मालेगावला घेऊन गेली. भाद्रपदात निरोप आला.

दिवस झाल्यावर ती शेड आवरायला आली. मी मदतीला होतो. जुनी अवजारं, दोरखंड, धोतराचे तुकडे, लाकडी पट्ट्या असं एकेक बाहेर काढत आम्ही मागच्या भिंतीपर्यंत गेलो. तिथं ताडपत्रीखाली त्यांची मोपेड होती. गेले कित्येक महिने मी तिच्यावर त्यांना पाहिलं नव्हतं. डोळ्यामुळे चालवत नसतील असं मी धरून चाललो होतो. ताडपत्री ओढली तर सीट पुढून उचललेलं, बाजूचं आवरण चिरलेलं. खाली पिवळट प्लास्टिकची टाकी फुगून सगळ्या फटींतून बाहेर आलेली. मी वाजवून पाहिलं. थप्. झाकण उघडलं. गळ्यापर्यंत भरलेली होती, आणि तोच गोडसर वास आला.

मी झाकण परत लावलं. मुलगी म्हणाली, "मी पाह्यलं होतं, सर. उन्हाळ्यात बाबाले भेटाले आली होती तवा. म्या म्हटलं, बाबा, तुमी तं जलमभर टाकी कोरडी ठेवली, हे काय करून ठेवलं? तं म्हने, राहू दे, एका पोट्ट्याचं हाय, त्याले सोडवून घेतलं. अन् मंग म्हने, सरले सांगजो नोको. शिकलेला मानूस हाय, मनाले लावून घेईन."

मी म्हणालो, "त्यांना साखरेचा आजार होता, ताई."

"हाव," ती म्हणाली. तिच्या आवाजात त्यांचाच सूर होता, समजूतदार, न भांडणारा. मग तिनं पदरानं हात पुसले, टाकीकडे बघितलं आणि मला विचारलं, "मंग आता हे कुठी टाकाचं, सर?"

याचं उत्तर मला येतं. मुलांना मी ते अनेकदा सांगितलं आहे: मोकळी जागा बघा, आगीपासून दूर, झाकण उघडं ठेवा, आपोआप उडून जातं. बाहेर ऊन होतं. रस्त्यावरून शाळेची पोरं घरी चालली होती, बरीचशी अनवाणी. मामांची मुलगी कॅन शोधायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला.

"राहू द्या," मी म्हणालो. "माझं आहे ते."